माशी हाकणारा क्यू

शोभानं माझा क्यू चोरला. क्यूसोबत माझी बाकीची वळणाची इंग्रजी अक्षरंही, मी त्यांना ठेवलेल्या नावांसकट, पुस्तकात छापली आणि वर स्वतःचं नाव टाकलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना कोणी म्हणायला नको की ही फिरायला गेली आणि उगाच कटकट करत आली. मी फिरायला गेले नव्हते. डिसेंबरात तीन दिवस जालन्यातलं दुकान बंद ठेवून अंबड, परतूर आणि हसनाबाद केलं, ते माझा माल कुठंकुठं पोचला ते डोळ्यांनी बघायला.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, आणि एबीसीडी एकदा नाही, चारदा शिकावी लागायची. पहिली लिपी छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी वळणाची मोठी आणि चौथी वळणाची लहान. पहिल्या दोन लिप्या पोरं रडतखडत काढायची. तिसरी-चौथी आली की हात टेकायची. माझं वह्यांचं पत्र्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर होतं. पोरं चार रेघी वही घेऊन जायची आणि आठ दिवसांत तिचा चिखल करून दुसरी घ्यायला यायची. धंद्याला ते बरंच होतं, पण मला ते बघवेना. माझी शाळा सातवीत सुटली होती. रद्दीत एक जुना कित्ता सापडला, त्याच्यावर गिरवून गिरवून मी हात बसवला आणि मग संध्याकाळी दुकानामागं पोरं बसवायला लागले.

चार रेघांमध्ये तीन जागा होतात. त्यांना मी माळवद, घर आणि पेव म्हणायची. एलचं डोकं माळवदावर जातं, सी बिचारा घरातच बसतो आणि जीचा पाय जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरतो. आमच्या पोरांना हे एका दिवसात कळायचं, कारण घरावर मातीचं सपाट माळवद होतं आणि आजोळी पेव होतं. दुसरी माझी युक्ती चिंचोक्याची. मराठी लिहिणारं पोर प्रत्येक अक्षरानंतर हात उचलतं. वळणाच्या इंग्रजीत हात उचलला की शब्द तुटला. म्हणून मी मनगटावर चिंचोका ठेवायची. हात उचलला की चिंचोका पडायचा. ज्याचा शब्दभर पडला नाही, त्याला तो फोडून खायची परवानगी.

आणि क्यू. माझ्या कित्त्यात पी, क्यू, आर असलेल्या पानाचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. पी आणि आर बीवरून जुळवता आले. क्यू कुठून आणणार? मी बनवला. मोठा ओ काढायचा, त्याच्या बुडातून शेपटी ओढायची आणि ती उलटी पाठीवर टाकायची, बैल माशी हाकताना टाकतो तशी. तिथून वळून ती पुढच्या यूला चिकटायची. पोरं शेपटी टाकताना तोंडानं 'हट' म्हणायची. माझ्याकडं शिकलेल्या कुठल्याही पोराचा क्यू शंभरात ओळखू यायचा.

शोभा आमच्या गल्लीतली. पाचवीत माझ्याकडं आली आणि बारावीपर्यंत यायची. शेवटी शेवटी लहान पोरांना कित्ता काढून द्यायची. पुढं तिनं डी.एड. केलं आणि हसनाबादच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. मी पेढे वाटले. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात, एक पोरगी दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, ह्या पुस्तकाला कव्हर द्या." मी पुस्तक उघडलं. आत माळवद, आत घर, आत पेव. अकराव्या पानावर चिंचोका. सतराव्या पानावर माझा बैल शेपटी उडवत उभा. आणि वर शोभाचं नाव, खाली 'प्राथमिक शिक्षिका'. माझं नाव मी तीनदा शोधलं. त्या पोरीला कव्हर द्यायचं राहूनच गेलं.

अजून एक सांगते. आमच्याकडं शिकवणारीला बाई म्हणतात आणि विकणारीला मावशी. पंधरा वर्षं शिकवूनही मी वहीवाल्या मावशीच राहिले होते.

अंबड

नुसतं हात हलवत शाळेत गेलं तर कोण आत घेणार? म्हणून पिशवीत चार रेघी वह्यांचे नमुने, निबांची डबी आणि शाईची दौत घेतली. विचारलं तर ऑर्डर घ्यायला आले म्हणायचं. अंबडची बस भरलेली होती. पिशवी सीटखाली सारली. शेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक गृहस्थ, अंबडच्या कोर्टात तारखेला निघालेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. मी खिडकीतून बघत होते तेवढ्यात ते गृहस्थ ताडकन उठले. दौत फुटली होती आणि त्यांच्या धोतराचा सोगा निळा झाला होता.

"बाई, आज माझी तारीख हाय," ते म्हणाले. "जजसमोर असा उभा राहू?"

चूक माझी होती. पण मी बाजारात वाढलेली बाई, पहिला आवाज माझा निघतो. दुसऱ्याच्या पिशवीवर पाय ठेवून बसल्यावर काय होणार, असं मी सुनावलं. ते नाही म्हणाले, मी हो म्हणाले. अंबड येईपर्यंत तेच माझी माफी मागत होते आणि मी त्यांना लिंबू-मीठ चोळायचा सल्ला देत होते. ते उतरून गेल्यावर मला वाईट वाटलं. स्टँडवर भजी खाल्ली तरी ते गेलं नाही.

अंबडमध्ये मला एक उर्दू शाळा सांगितली होती. पाचवीचा वर्ग जाजमावर बसलेला. शिकवणारे मास्टरसाब पन्नाशी उलटलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोटं शाईनं काळी. त्यांनी मला दारात बघितलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "या बाई, बसा." त्यांच्या तोंडी ती नुसती अदब असेल. पण हातात खडू असलेल्या माणसानं मला बाई म्हणायची ती पहिली वेळ होती, आणि त्यांना मी पाच निबा फुकट दिल्या.

मास्टरसाबांची पोरं चौथी लिपी काढत होती. मी बघायला वाकले. कोणी हात उचलत नव्हतं. शब्द सुरू झाला की संपेपर्यंत पेन्सिल कागदावरून निघत नव्हती. आयची टिंबं आणि टीच्या आडव्या काड्या सगळ्या शेवटी, शब्द संपल्यावर. यासाठी मी जालन्यात महिना महिना चिंचोके उचलायला वाकत होते.

"तुम्ही यांना कसं शिकवलंत?" मी विचारलं.

"काही शिकवलं न्हाई," मास्टरसाब हसले. "तुमच्या बच्चांचा हरेक हरफ अलग. वरून रेघ ओढली की झाला लफ्ज. हमारे हरफ एकमेकाचा हात धरून चालतात. नुक्ते, म्हणजे टिंबं, मागून. मंग इंग्रजीत नवीन काय?"

मला त्यांचा हेवा वाटला, ते लपवत नाही. आपलं अक्षर छपराला टांगलेलं असतं, प्रत्येकाचं अंग वेगळं. त्यांची पोरं जन्मतःच जोडून लिहिणारी. खोट काढायची म्हणून मी एका पोराच्या वहीत खोट शोधलीही. त्यानं सवयीनं ओळ उजव्या कडेला धरली होती आणि जागा संपल्यावर शब्द कडेनं वर चढवला होता. मास्टरसाबांनी वही फिरवून पुन्हा डाव्या कडेवर त्याचं बोट ठेवलं.

मग एक कासिम नावाचा पोरगा उठला आणि त्यानं फळ्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिलं. कासिमचं नाव क्यूनं सुरू होतं. ओ काढला, शेपटी ओढली, पाठीवर टाकली. तोंडानं 'हट'सुद्धा म्हणाला.

मास्टरसाबांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं. "हसनाबादच्या एका बाईनं लिवलंय. क्या दिमाग आहे. मी मुलांना छत, कमरा, तहखाना सांगतो. बराबर समजतात."

माझ्या माळवदाचं छत झालं होतं आणि पेवाचं तहखाना. म्हणजे चोरीचा माल उर्दूतही पोचला होता. मला ओरडायचं होतं. पण या भल्या माणसावर काय ओरडणार? मी वह्यांची ऑर्डर लिहून घेतली. त्यांनी चहा आणि खारी दिली. उठताना परत म्हणाले, "फिर या, बाई."

परतूर

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं परतूर. स्टेशनबाहेर पेरूवालीशी मी एवढी घासाघीस केली की शेवटी ती म्हणाली, "बाई, झाडच घेऊन जा." मी हसले आणि तिनं सांगितलेला भाव दिला. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. सगळीकडं धूळ आणि त्या धुळीवर उडणारी सरकीची पांढरी म्हातारी.

मुलींच्या शाळेत शिरण्याआधीच आवाज आला. पन्नास मुली एका सुरात म्हणत होत्या, "माळवदावर चढ, घरात ये, पेवात उतर, परत घरात ये." ही चाल माझी नव्हती. माझ्याकडं चालच नव्हती, मी नुसती ओरडायची. वर्गात प्रत्येकीच्या मनगटावर चिंचोका. गुरुजी तरुण होते, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी सांगितलं की शोभाबाईंनी केंद्रावर येऊन सगळ्या शिक्षकांना शिकवलं, चाल त्यांचीच.

"शोभाबाईंनी?" मी विचारलं.

"हो. लई हुशार बाई हायेत. पोरी आता खेळ म्हणून लिहून राह्यल्या."

मी मुलींच्या वह्या चाळल्या. चाळता चाळता आशा होती की एखादी तरी वाईट निघेल. निघाली नाही. जीच्या शेपटीपासून वायच्या शेपटीपर्यंत सगळं एका उताराचं, मोत्यासारखं. माझ्या वर्गात इतकी एकसारखी अक्षरं कधी आली नाहीत. चोरानं माझी भाकरी पळवली असती तर मी भांडले असते. त्यानं तिच्यावर तूप लावून गावाला वाढली, आणि गाव म्हणतं भाकरी त्याची. मग भांडायचं कोणाशी? मी त्या गुरुजींना वह्या दुप्पट भावानं सांगितल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागं भाड्याच्या घरात एक इंग्रजी शाळा नवीन निघाली होती. तिथं केरळच्या एक मिस होत्या. हिंदीत बोलायच्या, तीही अशी की प्रत्येक वाक्य पायरी उतरल्यासारखं खाली जायचं. त्यांच्याकडं बालवाडीच्या पोरांनासुद्धा वळणाचीच अक्षरं. ना गाणं, ना माळवद, ना चिंचोका. वर्गात एवढी शांतता की पेन्सिली ऐकू यायच्या. मिस प्रत्येकाच्या मागं उभ्या राहायच्या, पोराचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि हातासकट अक्षर काढायच्या. चुकलं की खोडरबर, परत चुकलं की परत खोडरबर. काही वह्यांना भोकं पडली होती. पण अक्षर छापल्यासारखं. एका पोराला मी विचारलं, काय लिहिलंस? त्यानं ते सुंदर वाक्य पाहिलं आणि खांदे उडवले. त्याला वाचता येत नव्हतं. माझी पोरं वाकडं लिहायची, पण काय लिहिलं ते सांगायची. हा एक हिशेब मी माझ्या बाजूनं मांडला आणि थोडी सुखावले.

ते सुख फार टिकलं नाही. भिंतीवर मोठ्या वळणाच्या अक्षरांचा तक्ता होता. ओ झाला, पी झाला आणि पुढं एक मोठा इंग्रजी दोनाचा आकडा होता, पायाशी छोटी गाठ मारलेला. मी म्हणाले, इथं छापणाऱ्याची चूक झाली, अक्षरांत आकडा घुसला.

"वो क्यू है," मिस म्हणाल्या.

मी फळ्यावर माझा क्यू काढून दाखवला. मिसनी मान तिरकी करून बघितलं. "ये तो ओ है. पूँछवाला ओ." आणि त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान पोराच्या चित्राला हसतात तशा. मग डबा उघडून मला दहीभात दिला. त्यांच्याकडं चटणी खोबऱ्याची. मी माझी शेंगदाण्याची पुढं केली, ती त्यांना तिखट लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं.

स्टेशनवर गाडीची वाट बघत मी वहीच्या पुठ्ठ्यावर तो दोनासारखा क्यू गिरवत बसले. पंधरा वर्षं मी खोटं अक्षर शिकवलं होतं. पहिल्यांदा स्वतःची समजूत घातली की आमच्याकडं क्यूनं सुरू होणारं नाव असतं तरी कोणाचं. मग कासिम आठवला. त्याच्या नावाच्या तोंडाशीच माझी चूक होती आणि तो ती अभिमानानं काढत होता.

पण मग दुसरा विचार आला आणि मी पुठ्ठ्यावर पेन थांबवलं. तो क्यू जगात कुठंच नसेल, तर तो फक्त माझा होता. शोभाच्या पुस्तकात तो होता, म्हणजे पुस्तक कुठून आलं ते कोणालाही दाखवता येत होतं. माळवद-पेव कोणालाही सुचलं असतं असं ती म्हणू शकली असती. चुकलेला क्यू तिला आपोआप कसा सुचला असता?

हसनाबाद

तिसऱ्या दिवशी हसनाबादची बस मेंढरांच्या कळपामागं अडकून बराच वेळ उभी राहिली. कापणी झालेल्या शेतांत मेंढरं बसवली होती. मी सीटवर बसून काय बोलायचं ते ठरवत होते. पाच वाक्यं ठरवली. पाचवं सगळ्यात जहाल होतं.

शोभाचा वर्ग शाळेच्या व्हरांड्यात भरला होता. तिच्या अंगावर फिकट निळी साडी, खांद्यावर पिन लावलेली. हातात खडू, केसांत खडूची भुकटी. मला बघून ती धावत आली आणि पाया पडली. माझं पहिलं वाक्य तिथंच गेलं.

"मावशी, तुम्ही? कळवायचं व्हतं. मी स्टँडवर आले असते."

तिनं मला खुर्ची दिली. वर्गात एकच खुर्ची होती, तिची. ती उभी राहून शिकवायला लागली आणि मी तिच्या खुर्चीत बसून बघत राहिले. तिनं नवीन काय केलं होतं सांगू? जमिनीवर चार रेघा खडूनं आखल्या होत्या, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पोरं त्या रेघांवरून चालत अक्षरं काढत होती. एल काढणारा धावत माळवदावर जायचा, वळून परत यायचा. ज्यांना हातात पेन्सिल धरायला जमत नव्हतं, त्यांच्या पायात अक्षर बसत होतं. मला हे का सुचलं नाही? माझ्याकडं जागा नव्हती, दुकानामागं नाली होती, हे खरं. तरी मला सुचलं नाही, हेही खरं.

पुढच्या रांगेत रुक्मी नावाची पोरगी होती. घरची मेंढरं, वर्षातले चार महिने घर फिरतं, म्हणून वयानं मोठी आणि वर्गात मागं. तिनं फळ्यावर क्वीन लिहिलं. शेपटी फर्रकन उडवली. मग माझ्याकडं वळून शोभाला विचारलं, "बाई, ह्या कोण?"

मी खुर्चीत सरळ बसले. सांगायला फक्त दोन शब्द लागले असते, 'माझ्या बाई'.

"ह्या जालन्याच्या वहीवाल्या मावशी," शोभा म्हणाली.

मी उठले. फळ्यापाशी गेले आणि रुक्मीच्या हातातून खडू घेतला. परतूरपासून दोनासारखा खरा क्यू माझ्या बोटांत होता. तो काढायचा आणि साऱ्या वर्गासमोर सांगायचं की तुमच्या बाईंनी तुम्हाला चुकीचं शिकवलं, इतकंच करायचं होतं. शोभाच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला भीती वाटली होती, कशाची ते मला तेव्हा समजलं नाही. मी खडू टेकवला. हातानं ओ काढला, शेपटी ओढली आणि बैलानं माशी हाकली. माझ्याच हातानं माझं ऐकलं नाही.

सगळी पोरं एकदम 'हट' म्हणाली. आणि रुक्मी माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाली, "मावशी, तुम्हालाबी आमच्या बाईंचा क्यू येतोय?"

मी खडू ठेवला आणि बाहेर जाऊन हातावर पाणी घेतलं.

शाळा सुटल्यावर शोभा मला खोलीवर घेऊन गेली. चोराच्या घरचं खायचं नाही असं ठरवलं होतं, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि येसर मसाल्याची आमटी. पहिला घास घेतला आणि ओळखलं. येसरमध्ये गव्हाऐवजी बाजरी भाजून घातलेली. ते मी तिला शिकवलं होतं, ती चौदा वर्षांची असताना.

"येसरही माझंच," मी म्हणाले.

"तुमच्यासारखं न्हाई जमत," ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "तुम्ही पुस्तकासाठी आल्या, मला माहीतंय."

"माझं नाव कुठंय त्यात?"

"नावाखाली पद लिहावं लागतं, मावशी. छापणारा विचारतो, शिक्षण काय, कुठल्या शाळेत. तुमच्या नावाखाली काय लिहू? वह्यांचं दुकान?"

"लिहायचं."

"लोक हसले असते."

"कोणाला? तुला का मला?"

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सारला. मग तिनं सांगितलं. दसऱ्याच्या आधी औरंगाबादला प्रशिक्षणाला गेली होती. पुस्तक सगळ्यांना दाखवावं म्हणून तिलाच फळ्यावर बोलावलं. तिनं क्यू काढला. एका साहेबांनी विचारलं, हे कुठल्या देशाचं अक्षर आहे? अख्खा हॉल हसला. तिनं खाली मान घालून खडू ठेवला. तेव्हापासून तिला माहीत होतं; पुस्तकात तोच छापलेला, म्हणून वर्गात अजून तोच चालू होता. व्हरांड्यात मी खडू घेतला तेव्हा ती त्याचीच भीती होती.

"मी तुमचं नाव घेतलं न्हाई, मावशी," ती म्हणाली. "कुणी शिकवला म्हणून विचारलं, तर मी म्हणले माझ्याच मनानं काढला. तेबी ध्यानात घ्या."

तिला वाटलं तिनं मला वाचवलं. माझा जीव जळाला. हसायला माझं अक्षर चाललं, पण त्या हसण्यातसुद्धा मला वाटा दिला नाही. सगळं स्वतःच्याच नावावर, हसंसुद्धा.

"आता नवी छपाई होऊन राह्यली," ती म्हणाली. "क्यू बदलते."

म्हणजे माझा पुरावा जाणार होता. मी सौद्याला बसले. आयुष्यभर सौदे केले, पण कागदाच्या दस्त्यासाठी नाहीतर पेरूसाठी. एका ओळीसाठी पहिल्यांदाच. मी म्हणाले, क्यू चुकीचा आहे, काढ, तक्रार नाही. पण बाकीचं बरोबर आहे आणि ते माझं आहे. पहिल्या पानावर एक ओळ टाक. ती म्हणाली, छापणारा ऐकणार नाही. मी म्हणाले, मागच्या पानावर टाक. ती म्हणाली, मागं पाढे आहेत. मी म्हणाले, पाढ्यांखाली बारीक अक्षरात टाक. तिनं ठेच्याचं भांडं पुढं सरकवलं. मी म्हणाले, पद नको, शिक्षण नको, नुसतं नाव आणि पुढं बाई लिही.

शोभानं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "बघते."

दुकानात उभं राहून पंधरा वर्षं मी हा शब्द ऐकला आहे. गिऱ्हाईक वही हातात घेतं, पानं चाळतं, वास घेतं, खाली ठेवतं आणि म्हणतं, बघते. ते परत येत नाही. मी हे जाणत होते. तरी स्टँडवर निरोप घेताना मी तिच्या पिशवीत दोन निबा टाकल्या. तिनं पदरानं डोळे पुसले. ठरवलेल्या पाच वाक्यांतलं एकही मी बोलले नाही, जहाल तर नाहीच. बस सुटल्यावर खिडकीतून बघितलं तर ती अजून उभी होती, आणि तिच्याशेजारी आमच्या मागोमाग आलेली रुक्मी जमिनीवर पायानं काहीतरी गिरवत होती.

जालना

उन्हाळ्यात नवी छपाई दुकानात विकायला आली. मी एक पुस्तक काढून दारातल्या उजेडात उघडलं. क्यूच्या जागी दोनाचा आकडा, पायाशी गाठ. बैल गेला. माळवद आहे. घर आहे. पेव आहे. अकराव्या पानावर चिंचोका आहे, आणि आता त्याच्याशेजारी पोराच्या मनगटाचं चित्रही आहे. पहिल्या पानावर एक नवी ओळ आहे, 'या कामी साहाय्य करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचे मनःपूर्वक आभार.'

ती ओळ मी माझ्या चार रेघी वहीत उतरवून काढली. वळणदार आली.

आता हे सगळं मी लिहून छापायला दिलं आहे, म्हणजे हसनाबादलाही पोचेल. शोभा, क्यू चुकला होता. तो माझा होता, हे मी इथं सगळ्यांसमोर कबूल करते, आणि औरंगाबादच्या त्या हॉलमध्ये जे हसले ते मला हसले, तुला नाही, त्यांनाही तसं कळव. माझी चूक मी उचलली. आता तू उत्तर दे. माळवद कोणाचं? पेव कोणाचं? तुझ्या मनगटावर पहिला चिंचोका कोणी ठेवला? तुझ्या त्या ओळीत मी ज्ञातात बसते की अज्ञातात? बघते म्हणू नकोस. लेखी दे, शाईनं दे, हात न उचलता दे. आणि पत्राच्या मायन्यात मावशी लिहू नकोस.